ब्लॅकमेल : शब्द खंडाचा, धंदा खंडणीचा

'ब्लॅकमेल' हा शब्द आता केवळ इंग्रजीचा राहिलेला नाही. दुकानाच्या गल्ल्यापासून कोर्टाच्या पायरीपर्यंत तो मराठीत सर्रास बोलला जातो. 'ब्लॅक' म्हणजे काळा आणि 'मेल' म्हणजे टपाल, तेव्हा धमकीचे निनावी पत्र म्हणजे ब्लॅकमेल, अशी बहुतेकांची समजूत असते. परंतु या शब्दातील 'मेल'चा टपालाशी काडीचाही संबंध नाही. तो देण्याघेण्याच्या व्यवहारातला शब्द आहे. म्हणूनच व्यापारी वाचकांसमोर त्याची हकीकत मांडणे आम्हाला आवश्यक वाटते.

तीन निराळे 'मेल'

इंग्रजीत उच्चाराने सारखे, पण कुळाने वेगळे असे तीन 'मेल' आहेत. टपालाचा 'मेल' जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचा मूळ अर्थ थैली किंवा पिशवी. पत्रे थैलीतून जात, म्हणून थैलीचे नाव टपालाला मिळाले. दुसरा 'मेल' सैनिकाच्या साखळी चिलखताचा. तोही फ्रेंचमधून आलेला असून त्याचा अर्थ जाळीचा फासा.

तिसरा 'मेल' स्कॉटलंडचा. उत्तर युरोपच्या जुन्या नॉर्स भाषेत त्याचा अर्थ बोलणे, बोली, करार असा होता. पुढे स्कॉटलंडमध्ये कराराने ठरलेला खंड, म्हणजे जमिनीचे भाडे, यालाच 'मेल' म्हणू लागले. 'ब्लॅकमेल'मधील 'मेल' तो हाच.

सीमेवरचा काळा खंड

सोळाव्या शतकात इंग्लंड आणि स्कॉटलंड ही दोन स्वतंत्र राज्ये होती. त्यांच्या सीमेवर लुटारू घराण्यांचा सुळसुळाट होता. रात्री घोड्यावरून यायचे आणि शेतकऱ्याची गुरे हाकून न्यायची, हाच त्यांचा धंदा. मग त्यांच्यातलेच सरदार शेतकऱ्याला सांगत, "आम्हाला ठरावीक रक्कम द्या, तुमच्या गुरांना कोणी हात लावणार नाही." जमीनदाराचा खंड एक आणि हा दुसरा. या दुसऱ्या खंडाला 'काळा' का म्हटले याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. रास्त खंड चांदीच्या पांढऱ्या नाण्यांत दिला जाई, तर हा गुरे किंवा धान्याच्या रूपाने, म्हणून तो काळा, असे काहींचे मत. व्यवहारच काळा म्हणून नावही काळे, असे इतर म्हणतात.

या व्यवहाराला इंग्लंडच्या पार्लमेंटने १६०१ साली कायद्याने बंदी केली. सीमेवरील प्रांतांसाठी केलेल्या त्या कायद्यात ब्लॅकमेल घेणारा तर गुन्हेगार ठरलाच, पण देणाराही गुन्हेगार ठरला. भीतीपोटी पैसे देणाऱ्या गरिबाला शिक्षा करणे न्यायाचे नव्हते, असेच आम्ही म्हणू. पण त्यामागचा हिशेब स्पष्ट होता. देणाऱ्याच्या पैशावरच लुटारूंची फौज पोसली जात होती.

सीमा शांत झाली तरी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात ही प्रथा पुढेही चालू राहिली. प्रसिद्ध रॉब रॉय मॅकग्रेगर (१६७१–१७३४) हा मुळात गुरांचा व्यापारी. शेजाऱ्यांच्या गुरांची राखण करण्याबद्दल तोही मोबदला घेत असे. राखणदारी कुठे संपते आणि खंडणी कुठे सुरू होते, हे सांगणे कठीण व्हावे असाच तो मामला होता. गुपित फोडण्याची धमकी देऊन पैसे उकळणे, हा आज रूढ असलेला अर्थ या शब्दाला एकोणिसाव्या शतकात चिकटला.

आपल्याकडचे शब्द

आपल्या भाषेतही हेच घडलेले दिसते. शेत खंडाने देणे हा सरळ व्यवहार. खंडणी म्हणजे पूर्वी मांडलिकाने वरच्या सत्तेला द्यायची ठरावीक रक्कम. आज मात्र खंडणी म्हटले की गुंडच आठवतो. फारसीत 'हफ्ता' म्हणजे आठवडा. त्यावरून कर्जफेडीचा हप्ता आला, आणि तोच शब्द फेरीवाल्याकडून दमदाटीने वसूल होणाऱ्या पैशालाही लागला. लुबाडणारा आपल्या मागणीला लूट म्हणत नाही. तो तिला भाडे, हप्ता, फी, दंड असे प्रतिष्ठित नाव देतो. ब्लॅकमेल या शब्दाचा खरा धडा हाच आहे.

आजचे रूप

आता गुरे हाकून नेण्याची गरज उरलेली नाही, मोबाइल पुरतो. झटपट कर्ज देणाऱ्या बेकायदा ॲपवरून छोटा दुकानदार काही हजार रुपये उचलतो. ॲप त्याच्या फोनमधील नावे आणि फोटो उचलून घेते. नंतर 'प्रोसेसिंग फी' आणि 'दंड' यांच्या नावाखाली मागणी वाढत जाते. न दिल्यास बनावट अश्लील फोटो नातेवाईकांना पाठवण्याची धमकी येते. वास्तविक कर्ज देणाऱ्या ॲपने ग्राहकाच्या फोनमधील संपर्कयादी वा फोटो पाहू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ सालीच बजावले आहे. 'डिजिटल अरेस्ट'ची धमकीही याच जातीची. अशी अटक भारतीय कायद्यात कोठेही नाही.

कायदा मात्र आहे. बदनामीकारक मजकूर छापण्याची धमकी देऊन पैसे घेणे म्हणजे खंडणी, हे उदाहरण १८६० च्या भारतीय दंड संहितेतच दिलेले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणीला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आमचे व्यापारी बांधवांना एवढेच सांगणे आहे. कोणी पैसे मागितले, तर ते कोणत्या कराराने आणि कोणत्या कायद्याने, हे विचारा. पावती मागा. उत्तरादाखल धमकी आली, तर ते देणे नव्हे, ब्लॅकमेल आहे असे समजा. संदेश पुसून न टाकता पुरावा म्हणून ठेवा. घरच्यांना विश्वासात घ्या, कारण ब्लॅकमेल करणाऱ्याचे सारे भांडवल आपल्या लपवाछपवीत असते. पैसे गेले असल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार करा. एकदा दिले की सुटलो, या भ्रमात कोणी राहू नये. 'मेल' म्हणजे खंड, आणि खंड एकदा देऊन संपत नसतो.