शंकरपट आठवताना : धुरकरी, बैल आणि आपली स्मृती

मागच्या व्याख्यानाच्या शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "सर, नैयायिक आठवणीला प्रमाण का मानत नाहीत?" वेळ संपली होती, उत्तर राहून गेलं. आज ते शंकरपटाच्या मैदानावर जाऊन देऊ. इथं नागपुरात समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी पट पाहिला असेल. ऑनलाइन ऐकणाऱ्यांसाठी मात्र थोडं मागून सुरू करावं लागेल.

शंकरपट म्हणजे आपल्या विदर्भातली बैलजोड्यांची शर्यत. धान घरात आलं, शेतं मोकळी झाली की पट भरू लागतात. अमरावती जिल्ह्यातलं तळेगाव दशासर, भंडारा जिल्ह्यातलं लाखनी, ही त्यातली नावाजलेली गावं. हलका छकडा, दोन बैल आणि हाकणारा एक माणूस. कुठे दोन जोड्या शेजारी शेजारी सोडतात, कुठे एकेक जोडी सोडून घड्याळ लावतात. धाव काही सेकंदांत संपते. तिच्यावरचं बोलणं वर्षभर चालतं. झाडीपट्टीत तर दिवसा पट आणि रात्री नाटक अशी जोडच आहे. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात. नाटक सकाळपर्यंत चालतं आणि दुसऱ्या दिवशी सगळं गाव डोळे चोळत पुन्हा मैदानावर.

हाकणाऱ्याला आपल्याकडे धुरकरी म्हणतात. या शब्दापाशी जरा थांबू, कारण त्यात गंमत आहे. संस्कृतात 'धुर्' म्हणजे जू, गाडीचा पुढचा भाग. ते जू मानेवर वाहतो तो धुरंधर. म्हणजे मुळात धुरंधर कोण? बैल! आज आपण सभागृहात शाल-श्रीफळ देऊन धुरंधर नेत्यांचा सत्कार करतो, तेव्हा ही पदवी कोणाकडून उचलली ते कोणी सांगत नाही. धुरीण, धुरा, सगळं त्याच घराण्यातलं. बैलाचं नाव माणसानं घेतलं, आणि बैलाकडे फक्त जू राहिलं.

आमचं आजोळ भंडाऱ्याकडचं. साठच्या दशकात मामाजींच्या खांद्यावर बसून आम्ही पहिला पट पाहिला. आजही डोळे मिटले की धुरकरी दिसतो: गुडघे वाकवून छकड्यावर तोललेला, अंग पुढे झोकलेलं, तोंडानं एक लांब हाळी. पांढरी जोडी. बहुधा गवळाऊ असावी. वर्धा-नागपूरकडची ही जात, चपळ, लांब पल्ल्याची. मराठ्यांच्या फौजेची ओझी वाहायला ती नावाजलेली होती असं सांगतात. धूळ, आरोळी, आणि जोडी निघून गेलेली. कितीतरी वर्षं आम्ही मित्रांना हे चित्र असंच सांगत आलो.

आता नैयायिक काय म्हणतात ते पाहा. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त ज्ञानाचे दोन भाग केलेत, स्मृती आणि अनुभव. स्मृती केवळ संस्कारातून, मनावर उरलेल्या ठशातून उपजते. वस्तू समोर नसते, इंद्रियाचा तिच्याशी संबंध नसतो. म्हणून स्मृती खरी असू शकते, पण तिचा खरेपणा उसना असतो, मूळ अनुभवाकडून आणलेला. ठसाच अर्धा उमटला असेल तर आठवण कितीही घट्ट असली तरी अर्धीच राहणार.

डोळ्यादेखत घडलेलंसुद्धा किती फसवं असतं याचं एक उदाहरण शर्यतीच्याच जगातलं आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत स्टॉक कारच्या शर्यती चालतात. मूळ कल्पना अशी की बाजारात मिळते तीच घरगुती गाडी पळवायची. म्हणजे आपल्या घरच्या जोडीसारखंच झालं. १९५९ साली डेटोना इथं पहिली पाचशे मैलांची शर्यत झाली. शेवटच्या रेषेवर नॉर्थ कॅरोलायनाचा ली पेटी आणि आयोवाचा जॉनी बोशाँ जवळजवळ एकदमच आले. हजारो लोक बघत होते. पंचांनी बोशाँला विजयी घोषित केलं. मग छायाचित्रं आणि फिल्म तपासण्यात तीन दिवस गेले आणि निकाल फिरला: पेटी जिंकला होता. बघणाऱ्यांपैकी कोणी खोटं बोलत नव्हतं.

आता आमच्या आठवणीकडे परत. काही वर्षांपूर्वी मामाजींच्या घरी जुन्या गोष्टी निघाल्या. आम्ही त्या पांढऱ्या जोडीचं वर्णन केलं. मामाजी हसले आणि म्हणाले, "अन् तू रडत होतास थे?" आम्ही रडलो होतो! धाव संपल्यावर आम्हाला जोडी जवळून दाखवायला नेलं, तर डाव्या बैलाच्या पुठ्ठ्यावरून रक्ताचा ओघळ आला होता. तुतारीचा. तुतारी म्हणजे टोकाला आर लावलेली काठी, वाजवायची नव्हे. पन्नासेक वर्षं आमच्या स्मृतीनं धुरकऱ्याचा तोल जपला आणि त्याच्या हातातली काठी गाळून टाकली. म्हणजे खांद्यावर बसलेल्या पोरानं जे पाहिलं होतं, ते तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला आठवत नव्हतं.

पटाच्या बंदीचा वाद आम्ही या अंगानं पाहतो. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टू आणि बैलांच्या शर्यती बंद केल्या. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या आधारानं न्यायालय म्हणालं की बैलालाही सन्मानानं जगणं आहे. पट बसले. २०१७ मध्ये महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती केली, तरी शर्यती लगेच सुरू झाल्या नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयानं अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं त्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. प्राण्याला मूलभूत हक्क आहेत असं म्हणायला या पीठाला आधार सापडला नाही. परंपरा आहे की नाही हे ठरवणं त्यांनी विधिमंडळावर सोपवलं, आणि नव्या नियमांमुळे वेदना बऱ्याच कमी होतात असं मानलं.

दोन्ही बाजूंचे मित्र आम्हाला भेटतात. एक म्हणतो, शेकडो वर्षांची परंपरा आहे. अहो, शेकडो वर्षांची म्हणजे शेकडो वर्षांच्या आठवणींची, आणि आठवणीचं काय होतं ते आत्ताच पाहिलं. दुसरा म्हणतो, सगळं क्रौर्यच आहे. त्यानं बहुधा पटाच्या जोडीचा खुराक, तिची चोळणी, आजारी बैलापाशी रात्र काढणारा मालक पाहिलेला नाही. ट्रॅक्टर आल्यावर गावात बैल ठेवायला जी थोडी कारणं उरली, त्यांत पट हे एक आहे. हेही तितकंच खरं.

पण पटवाल्यांचा एक दावा आमच्या लहानपणापासूनचा आहे: बैल हौसेनं पळतो, धुरकऱ्याच्या हाळीला ओळखतो. हा दावा तपासता येतो, आणि नव्या नियमांनी नकळत ती सोय करून दिली आहे. तुतारी, चाबूक नाही. धुरकऱ्याचा हात रिकामा. दावा खरा असेल तर या नियमानं पटाचं काहीच जात नाही. मामाजींना आम्ही असं म्हटलं, तर ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "टोचलं नाही त काही पळन, काही नाही पळन." इतकं प्रामाणिक उत्तर आम्हाला परिसंवादांत क्वचित मिळालं आहे.

बंदी उठल्यावर आम्ही एका गावचा पट पाहायला गेलो. काही जोड्या निघाल्याच नाहीत, एक आडवी घुसली आणि लोक हसले. काही ठिकाणी शेपटी पिरगाळणं चाललंच होतं, आणि पंच दुसरीकडे बघत होते. पण एक जोडी अशी आली की धुरकऱ्याचे दोन्ही हात कासऱ्यावर, तोंडातून फक्त हाळी, आणि बैल कान मागे टाकून सुटलेले. आमच्या लेखी त्या दिवशीचा पट तेवढाच.

तुम्ही कधी गेलात तर शेवटच्या रेषेपाशी गर्दी करू नका. जोड्या जिथं सोडतात आणि धावून आल्यावर जिथं बांधतात, तिथं उभे राहा. जाताना पुठ्ठे पाहा, आल्यावर पुन्हा पाहा. नैयायिकांच्या भाषेत ते प्रत्यक्ष. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.