माशाचा डोळा मेंदूतून कसा उगवतो

दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनापासून मथुरा रोड फार लांब नाही. तिथल्या ‘आयजीआयबी’ या सीएसआयआरच्या संस्थेत झेब्राफिशवर संशोधन चालतं. याच संस्थेने २००९ साली या माशाच्या जंगली भारतीय वाणाचा जनुकसंच वाचून काढला होता. अंगावर निळे पट्टे असलेला हा इवलासा मासा मुळात आपल्याच नद्या-ओढ्यांतला. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली. डोळा कसा घडतो हे पाहायला त्याच्याइतका सोयीचा प्राणी विरळाच, कारण त्याचं अंडं आईच्या पोटाबाहेर वाढतं आणि आरपार दिसतं.

एकाचे दोन

झेब्राफिश उजाडल्यावर अंडी घालतात. सकाळी नऊला अंडं फळलं आणि पाणी साडेअठ्ठावीस अंशांवर राखलं, तर संध्याकाळी सातच्या सुमारास भावी मेंदूच्या पुढच्या टोकाला पेशींचा एक पट्टा ठरून जातो. दोन्ही डोळे याच पट्ट्यातून व्हायचे असतात. मधल्या रेषेखालच्या पेशींकडून रासायनिक इशारा येतो आणि पट्टा दुभंगतो. तो इशारा चुकला, तर कपाळाच्या मधोमध एकच डोळा येतो. चार्ल्स स्टॉकर्डने १९०७ साली समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियमचा क्षार मिसळून असे एकाक्ष मासे प्रयोगशाळेत वाढवले होते. पुढे झेब्राफिशमध्ये हा दोष आणणारी जनुकंही सापडली.

पानाचा द्रोण

रात्री नऊच्या आसपास मेंदूच्या दोन्ही बाजूंना फुगवटे येतात. आपल्या गर्भात हे फुगवटे पोकळ पिशवीसारखे असतात. माशात मात्र ते भरीव आणि चपटे असतात. मध्यरात्र उलटून गेल्यावर त्यांच्यावरची त्वचा जाड होऊ लागते. हेच पुढे भिंग होतं. भिंगही माशात भरीव गोळा म्हणूनच त्वचेपासून सुटतं.

आता चपट्या पानाचा द्रोण वळायचा असतो, आणि मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो हा टप्पा. आतल्या थरातल्या बऱ्याच पेशी काठावरून वळसा घालून पलीकडच्या थरात शिरतात आणि दृष्टिपटलाचा भाग होतात. मागे उरलेल्या मोजक्या पेशी पसरून पातळ होतात आणि पूर्ण दृष्टिपटलाला मागून वेढतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत द्रोण तयार, आत भिंगही बसलेलं.

या द्रोणाला खालच्या बाजूने एक फट असते. रक्तवाहिन्या तिच्यातून आत जातात आणि मग तिचे काठ जुळून येतात. ते जुळले नाहीत तर ‘कोलोबोमा’ हा दोष राहतो. माणसाच्या बाळातही तो असाच होतो. बुबुळात फट राहिली, तर बाहुली खाली ओघळल्यासारखी दिसते.

काळा ठिपका

पसरलेल्या त्या पातळ थरात दुसऱ्या दिवसापासून काळं रंजकद्रव्य साठू लागतं. आतलं बघायचं असेल तर संशोधक पाण्यात पीटीयू नावाचं रसायन घालून रंग रोखून धरतात. मत्स्यबीज केंद्रांत उलट या ठिपक्याचीच वाट पाहिली जाते. ट्राउटची कोवळी अंडी धक्क्याने मरतात. कवचातून डोळे दिसू लागले की ती दूरच्या प्रवासाला धजतात.

आपल्याकडे डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी दख्खनच्या महसीरची अंडी आणि त्यांची सुरुवातीची वाढ बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात नोंदवली. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात याच माशाचं बीज तयार झालं. महसीरची नवजात पिल्लं उजेड टाळतात, कोपऱ्यात तोंड खुपसून पडून राहतात आणि पोटाखालच्या बलकावर जगतात.

दिसू लागतं केव्हा?

डोळा दिसला म्हणजे डोळ्याला दिसू लागलं, असं नव्हे. झेब्राफिशच्या दृष्टिपटलातून पहिले चेतातंतू अंडं फळल्यापासून बत्तिसाव्या तासाच्या सुमारास बाहेर पडतात, एकूण एक तंतू विरुद्ध बाजूला ओलांडतात आणि अठ्ठेचाळिसाव्या तासापर्यंत मेंदूतल्या दृष्टिकेंद्राला भिडतात. तिसऱ्या दिवसाच्या शेवटी उजेड एकदम कमी केला तर पिल्लू दचकतं. पाचव्या दिवशी ते पॅरामेशियम हेरून त्याच्यावर झडप घालतं.

न थांबणारी वाढ

माशाचं शरीर आयुष्यभर वाढतं आणि डोळाही. दृष्टिपटलाच्या कडेला मूलपेशींचं कडं असतं, ते नव्या पेशी पुरवत राहतं. इजा झाली तर ‘म्युलर ग्लिया’ या आधार देणाऱ्या पेशी पुन्हा विभागून नव्या चेतापेशी घडवतात. याच पेशी आपल्याही डोळ्यात आहेत, पण त्या असं करत नाहीत. आयसर मोहालीचे राजेश रामचंद्रन या फरकाचा शोध घेतात. अमेरिकेत असताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवलं की इजेनंतर माशाच्या या पेशींत ‘लिन-२८’ प्रथिन वाढतं आणि ‘लेट-७’ या सूक्ष्म आरएनएचा पुनर्निर्मितीवरचा लगाम सुटतो.