छोट्या ट्रॅक्टरने लाकूड बाहेर काढताना



भाताची झोडणी उरकली, वाल-हरभरा वर आला, की आपल्या भागात शेतकऱ्याच्या डोक्यात दोन गोष्टी घोळू लागतात. एक राबाची आणि दुसरी लाकडाची. बांधावरचा साग जून झालेला असतो, माळावरचा ऐन घराच्या वाशांसाठी राखलेला असतो, पावसात एखादा आंबा उन्मळून आडवा झालेला असतो. इकडे उल्हासनगरचा फर्निचर बाजार हाकेच्या अंतरावर. तेव्हा लाकूड काढावेसे वाटणे साहजिक आहे.

झाड पाडायला फार तर अर्धा दिवस जातो. खरी मेहनत त्यानंतर, ओंडका उतारावरून गाडीरस्त्यापर्यंत आणण्यात. पूर्वी हे काम बैल आणि रेडे करीत. १९४७ च्या सुमारास ठाणे जिल्ह्यात जंगल कामगार सहकारी सोसायट्या उभ्या राहिल्या आणि कूप ठेकेदाराऐवजी आदिवासी सोसायटीकडे येऊ लागले, तेव्हाही ओढकाम जनावरांचेच होते. आता अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात बैलजोडी शोधावी लागते आणि ओंडका खांद्यावर घेणारे गडी कारखान्यात गेले. म्हणून पॉवर टिलर आणि पंधरा-वीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर या कामाला जुंपला जातो. जुंपावा की नाही? जरूर जुंपावा. मात्र नांगरटीत चालणारा हात ओढकामात चालत नाही, आणि इथे चूक झाली तर माणूस जातो.

यंत्राआधी कागद. हे कंटाळवाणे वाटले तरी वाचा, कारण ओंडका रस्त्यावर आला की पहिला प्रश्न कागदाचाच विचारला जातो. बुवापाडा आज अंबरनाथ शहरात आहे. तिथल्या अंगणातले झाड तोडायचे तर नागरी क्षेत्रासाठी असलेला १९७५ चा झाडांचा कायदा लागतो आणि परवानगी नगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडून घ्यावी लागते. तेच झाड पालिकेची हद्द ओलांडून मलंगगडाच्या पायथ्याला किंवा बारवीच्या बाजूला असेल, तर १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा लागतो. साग त्याच्या यादीत आहे, म्हणजे स्वतःच्या मालकीचा असला तरी तोडीची परवानगी हवी. वाहतुकीचा परवाना निराळा. तो हातात आल्याशिवाय लाकूड रस्त्यावर आणू नये.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना उशिरा कळते. सातबारा काढून त्यावरचा इतर हक्काचा रकाना नीट वाचा. ठाणे जिल्ह्यात १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्यामुळे बरीच जमीन सरकारजमा झाली. तिथे तशी नोंद असेल, तर कुऱ्हाड लावण्याआधी तलाठ्याकडे आणि वन कार्यालयात जावे. खातेदार आदिवासी असेल तर झाडांची विक्री १९६९ च्या स्वतंत्र कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. त्यामुळे कुणी व्यापारी घरी येऊन रोख पैसे पुढे करील आणि "बाकीचं मी बघतो" म्हणेल, त्याला ओटीवरूनच परत पाठवा.

आता वजनाचा हिशेब. वखारीत ओंडका पाव घेराने मोजतात हे आपल्याला ठाऊक आहेच. समजा ओंडका १० फूट लांब आणि मध्यावर घेर ३ फूट. पाव घेर झाला पाऊण फूट. पाऊण गुणिले पाऊण गुणिले दहा, म्हणजे साडेपाच घनफुटांहून किंचित जास्त. पण या मापात खरे लाकूड कमी दिसते. गोल ओंडक्याचे खरे घनफळ वखारीच्या मापापेक्षा पाव हिश्शाहून जरा अधिकच असते. व्यापाऱ्याला त्याचा फायदा होतो तो होतो, पण ट्रॅक्टरला ओढावे लागते ते खरे लाकूड. ओला साग पाण्याइतका जड धरावा. मग सोपा आडाखा असा: वखारीचे घनफूट गुणिले ३६, म्हणजे ओल्या ओंडक्याचे किलो. आपला ओंडका सुमारे दोनशे किलोचा झाला. ऐन आणि खैर याहूनही जड. पाडलेला साग काही महिने जागेवर वाळू दिला तर वजन बरेच उतरते, पूर्ण वाळल्यावर तर तिसरा हिस्सा कमी होते. घाई नसेल तर हा फुकटचा फायदा सोडू नये.

जमिनीवर आडवा पडलेला ओंडका फरफटत न्यायला त्याच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक ओढ लागते. म्हणजे वरच्या ओंडक्याला शंभर ते सव्वाशे किलोची. चांगली बैलजोडी सतत ऐंशी ते शंभर किलो ओढते, म्हणून ती थांबत थांबत हा ओंडका नेते. सात-आठशे किलो वजनाचा छोटा ट्रॅक्टर कोरड्या, घट्ट जमिनीवर अडीचशे-तीनशे किलो ओढील. ऐकायला पुष्कळ वाटते, पण चढ लागला की गणित पालटते. शंभर फुटांत दहा फूट चढ असेल तर ट्रॅक्टरला स्वतःचे वजन वर न्यायलाच ऐंशी किलोची ओढ खर्च होते, ओंडक्याची वीस निराळी. म्हणून सपाटीवर फार तर असे दोन ओंडके आणि चढावर एकच, असे धरून चाला. इंजिनात जोर आहे म्हणून जास्त बांधू नका. इंजिनाचा जोर चाकांच्या पकडीपलीकडे कामाला येत नाही.

यापुढचे दोनदा वाचा, आणि ट्रॅक्टर भाड्याने आणला असेल तर चालवणाऱ्यालाही वाचून दाखवा.

साखळी बांधायची ती फक्त मागच्या खालच्या ड्रॉबारला. टॉप लिंकच्या जागी नाही, सीटच्या मागच्या दांड्याला नाही, मागच्या ॲक्सलवर वेढा घालून तर मुळीच नाही. कारण असे आहे. ओंडक्याचे टोक एखाद्या खुंटाला किंवा दगडाला अडले की ओंडका थांबतो. मागची चाके जमिनीत घट्ट रुतलेली, इंजिन जोर लावतेच आहे. तो जोर कुठेतरी जाणार. चाक पुढे फिरू शकत नाही, मग ट्रॅक्टरच चाकाभोवती फिरतो आणि तोंड वर करतो. साखळी जितकी उंच बांधलेली, तितका तो लवकर उठतो. तोंड उचलल्यापासून ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर पडेपर्यंत दीड सेकंद लागतो आणि पाऊण सेकंदानंतर क्लच दाबूनही उपयोग होत नाही. "मी उडी मारीन" म्हणणाऱ्याने पाऊण सेकंद मोजून पाहावा.

म्हणून आधी वाट पायी चालून पाहावी. वाटेतले खुंट जमिनीबरोबर कापावेत, सुटे दगड बाजूला करावेत. पहिल्या गिअरमध्ये क्लच हळू सोडावा, झटका देऊ नये. ओंडका अडला तर जोर वाढवायचा नाही. थांबायचे, उतरायचे, पहारीने टोक मोकळे करायचे. ट्रॅक्टरच्या एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे. चढावर सुकाणू हलके वाटू लागले तर समजा की तो राहिलेला नाही. पुढे वजने लावा किंवा ओंडका लहान करा. ट्रॅक्टरला मागे लोखंडी कमान, म्हणजे रोल बार असेल तर तो उभा करून पट्टा बांधावा. कमान नसेल तर पट्टा बांधू नये.

ओंडका बुंध्याकडून ओढावा. त्यामुळे फांद्यांचे राहिलेले खुंट मागे झुकलेले राहतात आणि मातीत रुतत नाहीत. साखळीचा फास टोकापासून हातभर आत घ्यावा. नायलॉनचा दोर वापरू नका. तो ताणतो आणि तुटला की चाबकासारखा उलटा येतो. ताणलेली साखळी कुणी ओलांडायची नाही, आणि पोरांना पाहायला जवळ उभे करायचे नाही. साखळीच्या लांबीच्या दीडपट अंतर मोकळे हवे.

ओंडक्याचे पुढचे टोक जमिनीवरून वीतभर उचलले तर निम्मे काम हलके होते. जुन्या पिंपाचा पत्रा टोकाखाली वाकवून बांधला तरी फरक पडतो. त्याहून चांगली सोय म्हणजे दोन चाकांची कमान. मोडीत निघालेल्या डनलॉप बैलगाडीचा ॲक्सल आणि चाके घ्यावीत, वर जाड पाइपाची उलट्या यू आकाराची कमान वेल्डिंगवाल्याकडून बसवून घ्यावी आणि ओंडक्याचे टोक कमानीला साखळीने टांगावे. मग टोक चाकांवर आणि शेपूट जमिनीवर. सपाटीवर पॉवर टिलरलाही हे ओझे झेपते. आमच्या मते छोट्या शेतकऱ्याने खर्च करायचाच तर मोठ्या ट्रॅक्टरच्या भाड्यापेक्षा या कमानीवर करावा. गावात चार घरांत मिळून एक पुरते.

पॉवर टिलर चालवणाऱ्यांसाठी एक खास सूचना. उतारावर मागून ओझे ढकलत असेल तर टिलरचे वळण उलटे होते. सपाटीवर डावा स्टिअरिंग क्लच दाबला की टिलर डावीकडे वळतो. उतारावर तोच क्लच दाबला की डावे चाक मोकळे होऊन जोरात पळते आणि टिलर उजवीकडे जातो. डावीकडे दरी आहे म्हणून उजवा क्लच दाबणारा माणूस सरळ दरीत जातो, तो असा. उतारावर स्टिअरिंग क्लचला हात लावू नये. सर्वांत खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या रोधावर, हँडल अंगाने वळवून उतरावे. कमानीवर टांगलेला ओंडका तीव्र उतारावर नेऊच नये. तिथे तो जमिनीवर घसटत जाऊ द्यावा, म्हणजे त्याचाच ब्रेक लागतो. ट्रॅक्टरही उतारावर सरळ वर किंवा सरळ खाली चालवावा, आडवा नाही.

फारच चढ असेल तर ट्रॅक्टर वर नेण्याचा हट्ट सोडा. ट्रॅक्टर रस्त्यावर उभा करून, चाकांना उटी लावून, विंचच्या तारदोराने ओंडका ओढून घ्यावा. वाट वळवायची तर मध्ये भक्कम खुंटाला कप्पी बांधावी. एवढे लक्षात असू द्या की दोर कप्पीतून मागे वळतो तेव्हा त्या खुंटावर दुप्पट ताण येतो. शेवग्याच्या किंवा पांगाऱ्याच्या खुंटाला हे काम सांगू नये.

आता घरी बनवलेल्या यंत्रांविषयी. नवे ट्रॅक्टर परवडत वा मिळत नाहीत तेव्हा शेतकरी जुन्या गाडीचा ट्रॅक्टर करतो, ही जगभरची रीत आहे. अमेरिकेत मंदीच्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फोर्ड मोटारी कापून शेतीची यंत्रे केली गेली. स्वीडनमध्येही महायुद्धाच्या वर्षांत तसेच झाले आणि एका स्वस्त दुकानाच्या नावावरून लोक त्यांना एपा ट्रॅक्टर म्हणू लागले. आपल्या शेजारी गुजरातेत, अमरेली जिल्ह्यात, मनसुखभाई जगाणी यांनी १९९४ मध्ये बुलेट मोटारसायकलच्या मागे दोन चाके आणि औजारांची दांडी बसवून बुलेट सांती बनवली. कल्पना नामी आहे, पण ती बनली सौराष्ट्रातल्या सपाट शेतांतल्या कोळपणी-पेरणीसाठी. मलंगगडाच्या उतारावर दोनशे किलोचा ओल्या सागाचा ओंडका तिच्या मागे बांधणे हे निराळे काम आहे. मोटारसायकल किंवा रिक्षाच्या इंजिनावर केलेल्या गाडीला ब्रेक, वजन आणि पकड तिन्ही अपुरी पडतात. शिवाय अशा जुगाड गाड्यांना मोटार वाहन कायद्याच्या अटी पाळल्याशिवाय रस्त्यावर येता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही, आणि कुणाला धक्का लागला तर भरपाई घरातून. शेताच्या आत, सपाटीवर, हलक्या कामाला चालवा. रस्त्यावर ओंडके नोंदणी झालेल्या ट्रॉलीतूनच न्या.

पॉवर टिलर किंवा छोटा ट्रॅक्टर घेण्याचा विचार असेल तर अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करता येतो. गावच्या कृषी सहायकाला विचारावे. केवळ लाकडासाठी यंत्र घेणे मात्र परवडणार नाही. चिखलणी, मळणी आणि वाहतूक धरून हिशेब बसत असेल तरच घ्या, नाहीतर तासाच्या भाड्याने आणा.

काम पौषापासून चैत्रापर्यंत उरकावे. जमीन कोरडी असते, सागाची पाने गळलेली असतात आणि भाताची खाचरे रिकामी असतात. खाचराचा बांध ओंडक्याने फोडू नका. दोन्ही बाजूंनी फांद्या आणि माती टाकून चढ-उतार करा आणि नंतर काढून घ्या. एकाच वाटेने सगळे ओंडके काढावेत, म्हणजे बाकीचे रान तुडवले जात नाही. पण त्या एका वाटेवर चाकोरी पडते, आणि आपल्याकडे पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या घरात. पहिल्याच आषाढात त्या चाकोरीचा ओहोळ होतो आणि तिसऱ्या वर्षी तिथे माणूस बुडेल एवढी घळ दिसते. तेव्हा शेवटचा ओंडका निघाला की त्याच दिवशी, गडी हाताशी आहेत तोवर, वाटेवर दर वीस-पंचवीस पावलांवर आडवा, किंचित तिरका चर खणून पाणी बाजूच्या गवतात काढून द्यावे. तासलेल्या फांद्या आणि पालापाचोळा जाळू नका, वाटेवरच पसरा. राबासाठी लागणारा तेवढा बाजूला काढा.