गॅसची लाइन घरात घेताना

पाण्याचा नळ आणि गॅसची लाइन या दोन्ही गोष्टी बडोद्याच्या मराठी घरांत इतर गावांच्या मानाने लवकर आल्या. आजव्याचे सरोवर १८९२ मध्ये पुरे झाले आणि आडावरून पाणी शेंदण्याचे बायकांचे कष्ट हळूहळू संपुष्टात आले. पुढे १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागले, १९६५ मध्ये कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला आणि १९७२ पासून बडोदे महानगरपालिका नळीवाटे घरोघर गॅस पुरवू लागली. देशात अन्यत्र सिलिंडरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, त्या काळात ही सोय किती मोलाची होती हे जुन्या गृहिणींना वेगळे सांगावयास नको.

आता हे भाग्य एकट्या बडोद्याचे राहिलेले नाही. हैदराबादेकडे नळीच्या गॅससाठी २००३ मध्ये आणि इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर या शहरांसाठी २००६ मध्ये स्वतंत्र कंपन्या स्थापन झाल्या. दाभोळहून बंगळूरकडे जाणारी मोठी वाहिनी २०१३ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. ती बेळगावच्या मुलखातून जाते आणि तिची एक शाखा गोव्यात उतरते. म्हणजे आमच्या बहुतेक वाचककुटुंबांपुढे आज ना उद्या एकच प्रश्न येणार आहे : लाइन घ्यावी का, आणि घेतली तर कोणती काळजी बाळगावी? सिलिंडर पटला नाही तर परत करता येतो. लाइन मात्र एकदा भिंतीवर चढली की पुढची पिढीही तिच्या सोबत राहते. म्हणून या विषयाचा थोडा सविस्तर विचार आम्ही येथे करीत आहोत.

रस्त्यापासून ओट्यापर्यंत

शहराच्या वेशीपर्यंत गॅस पोलादी वाहिन्यांतून मोठ्या दाबाने येतो. गल्लीबोळांत तो जमिनीखाली पुरलेल्या जाड प्लास्टिकच्या नळ्यांतून फिरतो. या नळ्यांचे जोड विजेच्या उष्णतेने वितळवून एकजीव केलेले असतात. इमारतीपाशी दाब कमी करणारे यंत्र बसविलेले असते. तेथून लोखंडी, जस्ताचा मुलामा दिलेली नळी बाहेरच्या भिंतीवरून वर चढते, मीटरमधून जाते आणि शेगडीजवळच्या कॉकपाशी थांबते. कॉक ते शेगडी एवढाच रबरी नळीचा तुकडा.

शेगडीपर्यंत पोहोचताना गॅसचा दाब अवघा २१ मिलिबार उरतो. वीतभर उंचीच्या पाण्याचा जेवढा भार, तेवढाच हा दाब. त्यामुळे ‘लाइन म्हणजे घरात सदैव भरलेला बाँब’ ही काही वडीलधाऱ्यांची समजूत खरी नाही. १४.२ किलो गॅस दाबाने भरून ठेवलेली टाकी घरात नसते, हा लाइनचा मोठाच गुण आहे. मात्र सिलिंडर संपला की गळतीही संपते; लाइनची गळती कोणी कॉक बंद करीपर्यंत संपत नाही. हा फरक प्रत्येकाने ध्यानी धरावा.

दोन गॅस, दोन स्वभाव

सिलिंडरातला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर जमिनीलगत, ओट्याखाली, मोरीत साचून राहतो. नळीतला गॅस, म्हणजे मुख्यतः मिथेन, हवेहून हलका. तो छताकडे जातो. यासाठी लाइन घेतलेल्या स्वयंपाकघरात छतालगत कायमची उघडी जाळी असलीच पाहिजे. थंडी वाजते, धूळ येते, पाल शिरते, अशा कारणांनी ही जाळी बुजविणारी घरे आम्ही पुष्कळ पाहतो. हे सर्वथा अनुचित आहे. हवेत मिथेनचे प्रमाण शेकडा ५ ते १५ यांच्या दरम्यान झाले की ठिणगी त्यास पुरते. वरची जाळी ते प्रमाण तेथवर चढू देत नाही.

शेगडीविषयीही असेच. नळीच्या गॅसमध्ये तेवढ्याच आकारमानात उष्णता कमी असते आणि दाबही कमी असतो, म्हणून शेगडीच्या जेटचे भोक मोठे लागते. सिलिंडरची शेगडी तशीच लाइनला जोडली तर ज्योत मरतुकडी येते. उलट, जेट बदललेली शेगडी सिलिंडरला लावली तर ज्योत भडकते. जेट बदलण्याचे काम कंपनीच्या माणसाकडूनच करवून घ्यावे; टाचणीने भोक मोठे करण्याचा उद्योग घरी करू नये.

जळण्यासाठी एक घनमीटर गॅसला सुमारे दहा घनमीटर हवा लागते. ती मिळाली नाही तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंगही नाही, वासही नाही. बंद न्हाणीघरातला गॅसचा गीझर याच कारणाने जीव घेतो. गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत असावा. या बाबतीत जागेची अडचण ही सबब आम्हांस मान्य नाही.

वाड्यांचा प्रश्न

आमच्या समाजातील कितीतरी कुटुंबे अद्याप जुन्या वाड्यांत राहतात. लाकडी तुळया, मातीच्या भिंती, अरुंद जिने, आणि एकाच वाड्यात चार भाऊबंदांचे चार हिस्से. येथे लाइन घेणे म्हणजे भिंतीबरोबर माणसांचाही प्रश्न असतो. नळी वर न्यायची तर खालच्या हिस्सेदाराच्या भिंतीवरून न्यावी लागते, आणि तो संमती देत नाही. उद्या वाटणीच्या वेळी हीच नळी हक्काचा पुरावा म्हणून पुढे येईल, ही त्याची धास्ती. तीही अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. परंतु वरच्या मजल्यावरील वृद्ध काकूंच्या दारात सिलिंडर चढवून देणारा माणूस दर खेपेस मिळत नाही, हेही तितकेच खरे आहे.

आमची सूचना अशी की, संमतिपत्रातच स्पष्ट लिहावे : ही संमती केवळ नळीपुरती असून तिच्यामुळे भिंतीवर अथवा जागेवर कोणाचा नवा हक्क उत्पन्न होत नाही. सर्वांनी सह्या कराव्यात आणि प्रत्येकाने एकेक प्रत जवळ ठेवावी. एवढ्याने पुष्कळ ठिकाणी गाठ सुटेल. नळी बाहेरच्या भिंतीवरून, मोकळ्या हवेतून न्यावी. ती झोपण्याच्या खोलीतून, न्हाणीघरातून किंवा बंद माळ्यावरून नेऊ नये.

घराची दुरुस्ती काढली की दुसरे संकट उभे राहते. स्वयंपाकघर देखणे करण्याच्या भरात नळी फर्निचरच्या फळ्यांआड जाते, मीटर कपाटात कोंडला जातो, आणि ओटा सरकविला म्हणून पाण्याचे काम करणारा कारागीरच गॅसची नळीही ‘जरा’ लांबवून देतो. पाण्याचा जोड गळला तर फरशी भिजते; गॅसचा जोड गळला तर काय होईल हे सांगण्याची आवश्यकता नाही. नव्या जोडाची दाबाखाली चाचणी घ्यावी लागते, आणि ती अधिकृत फिटरनेच घ्यावयाची असते. त्याच्या फेरीचा खर्च वाचविण्यासारखा नाही.

धंद्याची शेगडी

खानावळ, फरसाण, मिठाई, दिवाळीचा फराळ हे उद्योग आमच्या अनेक भगिनी घरूनच चालवितात. घरच्या नेहमीच्या मीटरमधून तासाला फार तर अडीच घनमीटर गॅस जातो. दोन शेगड्यांना अर्धा घनमीटरही पुरे होतो. भट्टीचे तसे नाही. धंदा वाढला की व्यावसायिक जोडणी मागावी. प्रत्येक शेगडीचा व भट्टीचा भार आधी मांडून द्यावा, म्हणजे नळीची जाडी व मीटर त्याप्रमाणे ठरतो. एक मुख्य कॉक स्वयंपाकघराच्या बाहेर, सहज हाताशी असावा. आग लागली तर आत धावून जाण्याची पाळी येऊ नये. जेथे लाइन नाही, तेथे १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर बाहेर, हवेशीर जागी ठेवावेत. घरगुती सिलिंडर धंद्यास वापरणे कायद्याने मना आहे.

वास आला तर

गॅसला मूळचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र दर्प मिसळलेला असतो. तो येताच शेगडी व कॉक बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण चालू अथवा बंद करू नये आणि घराबाहेर पडून मगच फोन करावा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. लाइनसाठी आपल्या गावच्या कंपनीचा क्रमांक मीटरजवळ ठळक लिहून ठेवावा. जोडाची शंका आली तर साबणाचा फेस लावून पाहावे. काडी ओढून कदापि पाहू नये.

शेवटी एक विनंती. लाइन बसविण्यास माणसे येतात तेव्हा कागदावर सही घरातील पुरुष करतात, आणि कॉक कोणता, तो कोणत्या बाजूस फिरवायचा, हेही त्यांनाच समजावून दिले जाते. वास्तविक शेगडीपुढे दिवसभर उभी असते ती घरची सून, सासूबाई किंवा कामास येणाऱ्या बाई. त्या दिवशी त्यांनाही बोलवावे आणि मुख्य कॉक प्रत्येकीने एकदा स्वतःच्या हाताने बंद करून पाहावा.