टिटो गेला म्हणून युगोस्लाव्हिया फुटला?

‘टिटोनं दाबून ठेवलेली शेकडो वर्षांची वैरं तो जाताच उफाळली.’ युगोस्लाव्हियाचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं, आणि आता ते ऐकवत नाही. टिटो वारला मे 1980 मध्ये. युद्ध पेटलं जून 1991 मध्ये. मध्ये अकरा वर्षं गेली. 1981 च्या जनगणनेत तर बारा लाखांवर लोकांनी सर्ब, क्रोएट असं काही न सांगता स्वतःला फक्त ‘युगोस्लाव’ म्हणून नोंदवलं होतं.

त्या अकरा वर्षांत काय झालं ते लोकांच्या खिशात दिसत होतं. देश परदेशी कर्जात बुडाला, पगाराला किंमत उरली नाही, 1989 मध्ये वीस लाख दिनारची नोट छापावी लागली. पंतप्रधान आन्ते मार्कोविच यांनी जानेवारी 1990 मध्ये चार शून्यं काढून टाकली; त्याच नोटेचे दोनशे नवे दिनार झाले. काही महिन्यांत महागाई आटोक्यात आली. देश सावरला असता, असं मला यावरूनच वाटतं.

पण त्याच जानेवारीत कम्युनिस्ट पक्षाचं अधिवेशन मोडलं. पुढे वर्षभरात सहाही प्रजासत्ताकांत बहुपक्षीय निवडणुका झाल्या, अख्ख्या देशाची मात्र एकही नाही. खरी मेख इथे आहे. बेलग्रेडच्या सर्ब पुढाऱ्याला क्रोएशियातल्या झाग्रेबमध्ये मत मागायला जावंच लागलं नाही; आपल्या लोकांना शेजाऱ्याची भीती घातली की काम भागत होतं. सर्बियात मिलोशेविच यांनी पक्षाच्या पाटीवर ‘समाजवादी’ लिहिलं आणि खुर्ची राखली. डिसेंबरात त्यांच्या सरकारनं केंद्राला न विचारता अब्जावधी दिनार परस्पर काढून घेतले. मार्कोविच यांच्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडलं.

दुसऱ्या महायुद्धात उस्ताशांनी, म्हणजे क्रोएट फॅसिस्टांनी, केलेल्या सर्बांच्या कत्तली लोक विसरले नव्हते, हे खरं. पण त्या पुन्हा पुन्हा उकरून काढणारा बेलग्रेडचा टीव्ही मिलोशेविच यांच्या मुठीत होता.

‘धर्मयुद्धच ते’ म्हणणाऱ्यांनी 6 एप्रिल 1992 चं बोस्नियातलं सारायेव्हो आठवावं. संसदेसमोर शांततेसाठी जमलेल्या गर्दीत मुस्लिम, सर्ब, क्रोएट सगळेच होते. काहींच्या हातात टिटोच्या तसबिरी होत्या. समोरच्या हॉटेलातून सर्ब राष्ट्रवाद्यांच्या नेमबाजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या.

युगोस्लाव्हिया मॉस्कोच्या तालावर चालत होता, हेही चूक. 1948 मध्येच स्टालिननं त्याला कॉमिन्फॉर्ममधून, म्हणजे कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेतून, काढलं होतं. आणि प्रत्येक प्रजासत्ताक रक्त सांडूनच वेगळं झालं असं नाही. मॅसिडोनियानं 1991 मध्ये सार्वमत घेतलं, आणि पुढच्या वसंतात संघराज्याचं सैन्य आपले रणगाडे घेऊन तिथून निघून गेलं.