डेको डायव्हिंग : मनगटावरचं यंत्र आणि डोक्यावरचं छत

मालवण-तारकर्लीला पहिल्यांदा स्कूबा केलेला माणूस आठ-दहा मीटरांवरचे मासे बघून घरी येतो. काहींचं तेवढ्यावर भागत नाही. ते रीतसर कोर्स करतात, अंदमानला जातात, १८ मीटरांचे ३० मीटर होतात. मग एखाद्या बुडालेल्या जहाजावर मिळणारी वीस मिनिटं अपुरी वाटू लागतात आणि 'डेको'चं, म्हणजे डिकम्प्रेशन डायव्हिंगचं नाव निघतं. पाठोपाठ प्रश्न येतो : कुठला डाइव्ह कॉम्प्युटर घेऊ? खरं तर हा प्रश्न यादीत बराच खाली यायला हवा.

आधी मूळ गोष्ट. समुद्रात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. दाबाखालच्या हवेतला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो. रक्त, मेंदू यांच्यात तो पटकन भरतो आणि पटकन निघतो. चरबी, सांधे मात्र बिडाच्या तव्यासारखे. तापायलाही वेळ, निवायलाही वेळ. साठा एका मर्यादेपलीकडे गेला की थेट वर येता येत नाही, वाटेत थांबे घ्यावे लागतात. ते चुकवले तर शरीरात बुडबुडे धरतात. सांधे ठणकतात, अंगाला मुंग्या येतात, चक्कर येते, क्वचित पाय लुळे पडतात. हाच डिकम्प्रेशनचा आजार.

गैरसमज १ : कॉम्प्युटर माझ्या शरीरातला नायट्रोजन मोजतो.

वस्तुस्थिती : तो पाण्याचा दाब आणि वेळ मोजतो. पुढचं सगळं गणित. १९०८ साली जॉन स्कॉट हॉल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश नौदलासाठी शेळ्यांवर प्रयोग करून थांब्यांचे तक्ते मांडले. शरीराचे पाच काल्पनिक कप्पे पाडून, प्रत्येक कप्पा अर्धा भरायला किती मिनिटं लागतात ते त्यांनी धरलं. झुरिकच्या आल्बर्ट ब्यूलमन यांनी पुढे हे कप्पे १६ केले. त्यातल्या सगळ्यात सुस्त कप्प्याला अर्धं भरायला ६३५ मिनिटं लागतात. आजचे बरेचसे कॉम्प्युटर हेच गणित दर काही सेकंदांनी करत असतात. तुमची रात्रीची झोप झाली नाही, बोटीवर उलट्या होऊन अंगातलं पाणी गेलं, तुम्ही थंडीने कुडकुडताय, यातलं काही त्याला कळत नाही. अनेक गॅस वापरणाऱ्याच्या तोंडात या क्षणी कुठल्या सिलिंडरचं रेग्युलेटर आहे, हेसुद्धा कळत नाही. ते बटण दाबून त्याला सांगावं लागतं. त्याला ठाऊक असते ती फक्त त्या एका मनगटाची खोली आणि वेळ, म्हणूनच दोघांत एक कॉम्प्युटर चालत नाही. दोघांची खोली आणि वेळ कधीच तंतोतंत एक नसते.

गैरसमज २ : नो-डेको मर्यादेत राहिलं की त्रास होऊच शकत नाही.

वस्तुस्थिती : नो-डेको मर्यादा म्हणजे थांबे न घेता थेट वर येता येईल एवढाच वेळ. पॅडी या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या तक्त्यात ३० मीटरला २० मिनिटं दिली आहेत. याचा अर्थ विसाव्या मिनिटापर्यंत अभय आणि एकविसाव्याला आजार असा नाही. ती शक्यतेची रेघ आहे. सगळे नियम पाळूनही त्रास झालेले डायव्हर आहेत. साधारण चारांपैकी एका प्रौढाच्या हृदयातलं जन्माच्या वेळचं छोटं छिद्र पूर्ण बुजलेलं नसतं. त्यातून बुडबुडे फुप्फुसांची गाळणी चुकवून थेट धमन्यांत जाऊ शकतात. म्हणून मिनिटाला ९ मीटरांपेक्षा वेगाने वर यायचं नाही, आणि ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, कॉम्प्युटरने मागितलं नसलं तरी.

गैरसमज ३ : डेको म्हणजे खाली थोडं जास्त राहायचं, थांबे कॉम्प्युटर सांगेलच.

वस्तुस्थिती : साध्या बुडीत काही बिघडलं तर वर येता येतं. डेकोत तो मार्ग बंद असतो. डोक्यावर न दिसणारं छत असतं आणि संकट पाण्यातच निस्तरावं लागतं.

गणित करून बघा. १२ लिटरचं सिलिंडर २०० बारला भरलं की त्यात २४०० लिटर हवा असते. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागत असतील, तर ४० मीटरवर पाचपट दाबामुळे १०० लिटर लागतात. वीस मिनिटांत २००० लिटर संपले. उरले ४००. नियमाच्या वेगाने वर यायला सुमारे २७० लिटर आणि उथळ पाण्यातल्या दहा मिनिटांच्या थांब्यांना आणखी ३०० लिटर हवेत. म्हणजे घाबरून श्वास वाढला नाही आणि जोडीदाराला हवा द्यावी लागली नाही, तरीही हिशोब बसत नाही. कॉम्प्युटर 'थांबा' म्हणेल, पण थांबण्यासाठी हवा देणार नाही.

जोडसिलिंडर, वेगळं डेको सिलिंडर, अंधारातही एका खोलीवर स्थिर राहण्याची सवय, आणि पृष्ठभागावर सोडायचा निशाणी फुगा हे सगळं कोर्समध्ये शिकवतात. पॅडीचा टेक ४० हा कोर्स पहिला टप्पा : ४० मीटर खोली आणि जास्तीत जास्त दहा मिनिटांचे थांबे. सुरुवात एवढी छोटीच असते आणि असावी.

गैरसमज ४ : नायट्रॉक्स भरलं की जास्त खोल जाता येतं.

वस्तुस्थिती : उलट आहे. नायट्रॉक्स म्हणजे ऑक्सिजन वाढवलेली हवा. ऑक्सिजन वाढवला की नायट्रोजन कमी साठतो, वेळ जास्त मिळतो. पण दाबाखाली ऑक्सिजन विषारी ठरतो. ३२ टक्के मिश्रणाची नेहमीची मर्यादा सुमारे ३३ मीटर. थांब्यांवर वापरायचं ५० टक्के मिश्रण २१ मीटरच्या खाली आणि शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरच्या खाली तोंडात घ्यायचा नाही. चुकीचं सिलिंडर चुकीच्या खोलीवर घेतलं तर आकडीचा झटका येऊ शकतो, आणि पाण्यातला झटका म्हणजे बहुधा बुडणंच. म्हणून गॅस स्वतः तपासायचा आणि सिलिंडरवर खोली ठळक लिहायची.

गैरसमज ५ : पहिला थांबा जितका खोल, तितकं सुरक्षित.

वस्तुस्थिती : दोन हजारच्या दशकात हा समज जोरात होता. मग अमेरिकी नौदलाने सुमारे ५२ मीटरच्या बुड्या मारून दोन वेळापत्रकं ताडून पाहिली. एकूण थांबे सारखेच, एकात खोल, दुसऱ्यात उथळ. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रत्येक बाजूला दोनशेच्या आसपास बुड्या होत्या आणि खोल थांब्यांच्या गटात आजाराचं प्रमाण तिपटीहून अधिक निघालं. कारण खोल थांब्यावर सुस्त कप्पे अजून भरतच असतात.

गैरसमज ६ : महाग कॉम्प्युटर म्हणजे जास्त सुरक्षित.

वस्तुस्थिती : किमतीपेक्षा काम बघा. डेकोसाठी त्यात एकाहून अधिक गॅस भरता यायला हवेत. ग्रेडियंट फॅक्टर, म्हणजे थांब्यांचं गणित किती सावध ठेवायचं ते सांगणारे दोन आकडे, स्वतः ठरवता यायला हवेत. ४०/८५ असे ते आकडे असतात. पहिला लहान केला की पहिला थांबा खोल जातो. दुसरा सांगतो की ब्यूलमनच्या गणितातल्या कमाल मर्यादेच्या किती टक्के ताण घेऊन तुम्ही पृष्ठभागावर येणार. तिसरी गोष्ट : शौकिया वापराचे अनेक कॉम्प्युटर थांबा चुकला की एक-दोन दिवस 'कुलूपबंद' होतात आणि फक्त खोली-वेळ दाखवतात. जिथे आकड्यांची सर्वाधिक गरज, तिथेच ते गप्प बसतात. असं यंत्र डेकोला नको. आकडे मोठे, बटणं मोजकी आणि बॅटरी कुठेही मिळणारी असेल तर उत्तम. आणि दुसरा कॉम्प्युटर, किंवा टायमर आणि पाण्यात टिकणाऱ्या पाटीवर लिहिलेले थांबे, सोबत हवेतच.

गैरसमज ७ : बोटीवर चढलो, म्हणजे बुडी संपली.

वस्तुस्थिती : नायट्रोजन पुढे अनेक तास निघत राहतो. एका साध्या बुडीनंतर विमानाआधी किमान १२ तास, अनेक बुड्यांनंतर १८ तास आणि डेकोनंतर त्याहून बरेच जास्त, बहुतेक जण पाळतात ते २४ तास, थांबायचं. आपल्याकडे घाटही लक्षात ठेवायला हवा. घाटमाथ्यावरचं आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे, आणि विमानाचे हे नियम साधारण ६०० मीटरच्या वरच्या उंचीला लागू धरतात. सकाळी किनाऱ्यावर खोल बुड्या आणि दुपारी घाट चढून घरी, हा बेत डेकोनंतर नको.

नंतर सांधा दुखला, मुंग्या आल्या, तर 'झोपून उठलं की बरं वाटेल' म्हणू नका. रुग्णाला आडवं करा, शुद्ध ऑक्सिजन द्या आणि रिकम्प्रेशन चेंबर (रुग्णाला पुन्हा दाबाखाली ठेवायची खोली) असलेल्या रुग्णालयाशी संपर्क साधा. दुखणं घालवायला पुन्हा पाण्यात उतरवू नका.

कॉम्प्युटर जरूर घ्या. पण पुढच्या बुडीआधी कागदावर चार गोष्टी लिहा : किती खोल, किती वेळ, कुठे किती थांबे आणि त्याला किती हवा. पडद्याकडे न बघता त्या सांगता आल्या नाहीत, तर तेवढी बुडी नो-डेको ठेवा.