राहणं आणि नांदणं

संगमेश्वर तालुक्यातल्या माझ्या आजोळच्या वाडीत २२ घरं आहेत. वैशाखात गेलं तर त्यांतल्या १४ घरांना कुलूप दिसतं. किल्ल्या एकाच घरात, माजघरातल्या खुंटीला असतात. त्या घरातल्या मामी पंधरवड्यातून एकदा सगळी घरं उघडतात, केर काढतात, वाशांना वाळवी लागली आहे का ते पाहतात. भाद्रपदात चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत मुंबईहून गाड्या येतात, खुंटी रिकामी होते, अंगणाअंगणांतून भजनं ऐकू येतात. गौरी-गणपती पाण्यात गेले की दोन दिवसांनी किल्ल्या परत खुंटीला.

राहायला चांगला मुलूख कोणता, असा विषय निघाला की मला ती खुंटी आठवते. पाऊस, हिरवाई, स्वच्छ हवा, शिकलेली माणसं, गुन्ह्यांपासून दूर असलेलं गाव. ज्या गोष्टी आपण चांगल्या राहणीमानात धरतो त्यांतल्या बहुतेक त्या वाडीत आहेत. तरीही १४ घरांना कुलूप आहे.

क्रमवारीत न दिसणारी माणसं

२०१८ साली केंद्र सरकारने देशातल्या १११ शहरांचा ‘राहणीमान सुलभता निर्देशांक’ प्रसिद्ध केला. संस्थात्मक, सामाजिक, आर्थिक आणि भौतिक अशा चार खांबांखाली ७८ निकष लावले होते. पुणे पहिलं, नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी आली. महाराष्ट्राच्या वर्तमानपत्रांनी ती बातमी अभिमानाने छापली आणि अभिमान वाटण्यासारखी ती होतीही. पाणी, सांडपाणी, दवाखाने, शाळा, वाहतूक मोजायलाच हवी. परंतु असा निर्देशांक शहराच्या हद्दीपाशी थांबतो. नळाला येणारं पाणी कुठल्या खोऱ्यातून निघालं आणि कारखान्यात कामाला येणारा माणूस कुठलं घर बंद करून आला, हे त्या ७८ निकषांत बसत नाही.

ते पाहायचं असेल तर २०११च्या जनगणनेचे तक्ते शेजारीशेजारी ठेवावे लागतात. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्रातल्या तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या घटली: रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. मुंबई शहराचं कारण वेगळं. गिरण्या गेल्या, चाळी पडल्या, माणसं उपनगरांत आणि त्याही पलीकडे सरकली. त्याच दशकात तेव्हाचा ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला. रत्नागिरीत मात्र सुमारे ८२ हजार आणि सिंधुदुर्गात १९ हजार माणसं कमी झाली.

आता दुसरा रकाना पाहू. दर हजार पुरुषांमागे रत्नागिरीत १,१२२ स्त्रिया आणि सिंधुदुर्गात १,०३६. मुंबई शहरात ८३२, मुंबई उपनगरात ८६०, ठाण्यात ८८६. हे आकडे सुटे वाचले तर कोकणात मुलींना मान आहे, मुंबईत नाही, असा समज होईल. एकत्र वाचले की एकच घर दोन जिल्ह्यांत मोजलेलं दिसतं. रत्नागिरीत कमी पडलेला पुरुष परळला, भांडुपला, नालासोपाऱ्याला मोजला गेला आहे. घरमालकीण एका तक्त्यात आहे आणि कर्ता दुसऱ्यात.

हे कोकणापुरतं नाही. केरळातला पत्तनंतिट्टा जिल्हा घ्या. साक्षरता ९६ टक्क्यांच्या वर, पाऊस भरपूर. त्याचीही लोकसंख्या त्या दशकात घटली आणि दर हजार पुरुषांमागे १,१३२ स्त्रिया उरल्या, कारण तिथली माणसं आखाती देशांत आणि त्याही पलीकडे पोचली. उत्तराखंडातल्या अल्मोडा आणि पौडी गढवालचंही असंच. दोन्ही जिल्हे रोडावले, दोन्हीकडे स्त्रियांचं प्रमाण हजारी ११००च्या पुढे. तिथल्या ओस गावांचा प्रश्न इतका गंभीर झाला की राज्य सरकारने २०१७ साली स्थलांतरासाठी स्वतंत्र आयोग नेमला. केरळ, हिमालयाचा उतार आणि आपलं कोकण, तिन्ही देशातल्या सर्वांत सुंदर मुलखांपैकी. हवापाणी आणि शिक्षण या दोन गोष्टी असल्या म्हणजे माणसं टिकतात, हा समज या तक्त्यांपुढे उभा राहत नाही.

पाऊस पडतो, राहत नाही

कोकण का सुटतं, याचं उत्तर जमिनीत आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतची पट्टी अरुंद, उतार तीव्र आणि वर जांभ्याचा सडा. पाणी मुरतं आणि कड्याखालून निघून जातं, नाहीतर काही तासांत खाडीला मिळतं. चैत्र-वैशाखात त्याच वाड्यांवर टँकर फिरतो. एक भाताचं पीक आणि कुणब्याच्या वाट्याला काही गुंठ्यांचे तुकडे. त्यावर वर्षभर घर चालत नव्हतं म्हणून माणूस बोटीने मुंबईला गेला, गिरणीत लागला, गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या एका खोलीत पाळीपाळीने झोपला आणि महिन्याला मनीऑर्डर पाठवत राहिला. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार होते. त्या संपाने गिरणगावातल्या चुली विझल्या तशा मनीऑर्डरीवर पेटणाऱ्या कोकणातल्या चुलीही विझल्या.

घाट चढून मराठवाड्यात गेलं की पाण्याचं गणित उलट होतं. इथे पाऊसच बेताचा आणि बेभरवशाचा. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. सुमारे ३४० किलोमीटरचा प्रवास आणि पहिल्या फेरीत ५ लाख लिटर पाणी. कृष्णेच्या काठचं पाणी मांजरेच्या खोऱ्यातल्या शहराने प्यायलं. हेच लातूर ‘लातूर पॅटर्न’मुळे राज्यभरच्या पालकांच्या तोंडी आहे. मुलांना डॉक्टर-इंजिनिअर करायचं म्हणून लोक आपली मुलं ज्या गावात ठेवतात, त्याच गावात त्या उन्हाळ्यात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू होती. राहायला हे गाव चांगलं की वाईट, हे एका आकड्यात कसं सांगणार?

घराचंही तेच. मराठवाड्यातलं माळवद म्हणजे उन्हाळ्यावर पिढ्यांनी शोधलेला उपाय. दोन-अडीच फुटी दगडमातीच्या भिंती आणि लाकडी सरांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, त्यामुळे बाहेर ४२ अंश असले तरी आत गारवा. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या परिसरात जमीन हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती आणि गणपती बोळवून लोक झोपले होते. उन्हापासून राखणाऱ्या त्याच भिंती आणि तेच धाबं अंगावर आलं आणि हजारो माणसं गाडली गेली. मुलखाला शोभणारं घर म्हणून ज्याचं कौतुक करावं, त्याचीही एक अंधारी बाजू असते. मुलखांची तुलना करणाऱ्याने हे नम्रपणे ध्यानात ठेवावं.

कोण कुणाच्या जिवावर

मुंबईला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी मिळतं. तुळशी आणि विहार सोडले तर बाकीचे पाच तलाव, म्हणजे तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा, शहरापासून खूप दूर आहेत. तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात. त्याच शहापूरच्या आदिवासी पाड्यांवर दरवर्षी उन्हाळ्यात टँकर जातो आणि डोक्यावर तीन हंडे घेतलेल्या बाया जलवाहिनीच्या कडेकडेने चालतात. मुंबईच्या राहणीमानाला पाणीपुरवठ्याचे जे गुण मिळतात, त्यांतले काही शहापूरच्या खात्यातून वळते झालेले आहेत.

विजेचंही असंच. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं, राज्य सरकारच्या केंद्रांतलं सर्वांत मोठं. १९९९ साली तिथून भिवंडी तालुक्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची खास वाहिनी टाकली गेली. पूर्व विदर्भाची वीज मुंबईच्या दारात आली. कोळशाची खाण, राख आणि धूर चंद्रपूरला राहिले. मे महिन्यात तिथला पारा ४५च्या वर चढतो, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या माणसांचं दुपारी बाहेर पडणं बंद होतं. ठाण्यातला वातानुकूलक ज्या उष्णतेतून चालतो, ती चंद्रपूरकरांनी सोसलेली असते.

तिसरं उदाहरण हाताचं आहे. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याचा कृष्णा-पंचगंगेचा काठ राज्यातला सुखवस्तू मुलूख. तिथला ऊस तोडायला बीडची जोडपी येतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’, असा तिथला हिशेब. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत काम सुटत नाही. एक दिवस खाडा झाला तर दंड भरावा लागतो, म्हणून दुखणंही अंगावर काढायचं. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत बीडच्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. हा आकडा बीडच्या आरोग्याच्या रकान्यात लिहायचा की साखरपट्ट्याच्या समृद्धीच्या? माझ्या मते दोन्हीकडे लिहायला हवा.

अनुशेष मोजण्याची रीत

आपल्या राज्याने ही मोजदाद केलीच नाही असं नाही. २८ सप्टेंबर १९५३च्या नागपूर कराराने विदर्भ-मराठवाड्याला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचं वचन दिलं. राज्यघटनेच्या ३७१व्या कलमात विकास मंडळांची तरतूद आली. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ साली रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांचा जिल्हावार हिशेब मांडून सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष दाखवला. ‘अनुशेष’ हा शब्द मराठी राजकारणात तेव्हापासून रुजला. १९९४ साली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन मंडळं झाली, ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली.

दांडेकरांचं काम फार मोठं आहे, पण मंडळांच्या वाटणीत रत्नागिरी ‘उर्वरित महाराष्ट्रा’त, मुंबई-पुण्याच्या पंक्तीला बसली. उलट ‘मागास’ म्हटल्या जाणाऱ्या विदर्भातल्या अकोल्याची साक्षरता २०११ला ८८ टक्के, अमरावतीची ८७ आणि सुखवस्तू कोल्हापूरची ८१.५. त्याच महाराष्ट्रात सातपुड्यातला नंदुरबार ६४ टक्क्यांवर. विदर्भ मागास, पश्चिम महाराष्ट्र पुढारलेला, अशी सरसकट वाटणी आकड्यांना मानवत नाही. आपण मोजली ती मुलखातली साधनं. मुलखातून निघून गेलेल्या माणसांचा अनुशेष कुणी काढला नाही.

माणसं परतलेलं एक गाव

म्हणून नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारकडे पाहावं. जेमतेम ४०० मिलिमीटर पावसाचं हे गाव एके काळी दुष्काळ आणि दारूने खंगलेलं होतं, माणसं पुण्या-मुंबईकडे गेली होती. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. डोंगरावर समतल चर खोदले, चराईबंदी केली आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात झाली. पाऊस किती पडला ते पाहून कुठलं पीक घ्यायचं ते ठरू लागलं. शेतीसाठी कूपनलिका नाही, ऊस नाही, केळी नाही. बाहेर गेलेली कुटुंबं परत आली. ३,००० मिलिमीटरचं कोकण रिकामं होतं आणि ४०० मिलिमीटरच्या गावात माणसं परततात. मुलूख राहण्याजोगा निसर्ग एकटा करत नाही. जे पडतं ते अडवायचं, वाटून घ्यायचं आणि कुणी किती घ्यायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं, यातून तो तसा होतो.

मराठीत घराशी जोडलेली दोन क्रियापदं आहेत. ‘राहणं’ एकट्यालाही जमतं, भाड्याच्या खोलीत, कारखान्याच्या कोपीत, आखातातल्या कामगार वसाहतीत. ‘नांदणं’ मात्र घरातली माणसं एकत्र असल्याशिवाय होत नाही. लेकीला आशीर्वाद देताना आपण ‘सुखाने नांद’ म्हणतो, ‘सुखाने राहा’ एवढ्यावर आपलं मन भरत नाही. मुलखांची तुलना करायची तर मी हाच निकष धरीन: इथलं कुटुंब वर्षाचे बारा महिने एका छपराखाली नांदू शकतं का, आणि त्यासाठी दुसऱ्या मुलखातलं कुठलं कुटुंब तुटतं का? या मापाने पुण्याचा पहिला क्रमांकही पुन्हा तपासावा लागेल आणि बीडवरचा मागासपणाचा शिक्काही.

हा लेख तुमच्या हाती पडेल तेव्हा दिवाळीचा फराळ संपत आला असेल. त्याच आठवड्यात बीड, पाटोदा, शिरूर-कासारच्या रस्त्यांवरून ट्रॅक्टर निघतील. वर भांडीकुंडी, कोंबड्या, शेळी, लहान पोरं. मोठ्या मुलांना आजीपाशी किंवा शाळेच्या हंगामी वसतिगृहात ठेवलेलं असेल, कारण साखरशाळा सगळ्या फडांवर पोचलेल्या नाहीत. माझ्या आजोळी तेव्हा भात झोडून झालेलं असेल आणि १४ घरांच्या किल्ल्या खुंटीला असतील. मामींचं वय आता सत्तरीच्या पुढे आहे. गेल्या गणपतीत त्यांनी सगळ्यांना ओटीवर बसवून विचारलं, माझ्यामागे या किल्ल्या कुणाकडे ठेवू? ओटीवर ३० माणसं होती, वाडीतच राहणारा त्यांत एकही नव्हता.